घरचा वाटा

मांडवखार बंदरातून विकायला जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माशाच्या डोक्यावर हिरवा टिळा असे. तो टिळा हरेश्वर पेरेकर मास्तर लावत. खरं तर यंत्र लावत असे, मास्तर फक्त यंत्र धरत. पण बंदरावर सगळे म्हणत, "मास्तरांनी टिळा दिला," आणि मास्तरांना ते ऐकायला आवडे. आवडतंय हे लक्षात आलं की ते चष्मा काढून पुसायला लागत.

मास्तर नाखव्याच्या, म्हणजे होडीमालकाच्या घरातले. पण लहानपणी होडीत पाय ठेवला की त्यांना उलटी व्हायची, म्हणून वडिलांनी त्यांना पुस्तकांकडे जाऊ दिलं. पुढे त्यांनी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरच्या मुलांना त्यांचं अर्धं शिकवणं कधी ऐकूच आलं नाही. निवृत्तीनंतर हे काम मिळालं तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपण शेवटी गावाच्या काही उपयोगी पडलो.

"ओ मास्तर, नीट टोचा जरा," चंद्राबाय टोपली उतरवत म्हणायची. "काल माज्या वामीला लाल दाखवलंत. ती काय लाली लावून आयली व्हती?"

"चंद्राबाय, लाल यंत्र दाखवतं. मी नाही."

"यंत्राला कोण बोलवील? तोंड तं तुमालाच हाय ना!"

बायका हसायच्या. मास्तरही हसायचे, थोडं उशिरा.

यंत्राचं सरकारी नाव होतं 'निकष'. बंदरावर त्याला टोचणी म्हणत. जाड पेनाएवढी दांडी, पुढे सुई. सुईच्या टोकावर सोन्याचा इतका पातळ थर की तो नुसत्या डोळ्यांना दिसत नसे. कुठल्याही सोनाराला विचारा, सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं. या दोन धातूंची एकमेकांवर फार ओढ. सुई माशाच्या मांसात गेली की तिथला पारा सोन्याला चिकटे, त्या थरावर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदले, आणि आतली चकती तो बदल मोजे. चहाचा एक घोट घेईपर्यंत उत्तर येई. पारा मर्यादेच्या आत असेल तर दांडीचं मागचं टोक हिरवं होऊन माशाच्या डोक्यावर खाण्याच्या रंगाचा ठिपका उमटवे. मर्यादेबाहेर असेल तर लाल दिवा लागे, आणि टिळा नाही.

पारा आला होता खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या जुन्या कारखान्यांकडून. त्यातले बरेचसे बंद पडले होते, पण त्यांनी सोडलेलं पाणी गाळात मुरलं होतं. गाळातले जंतू साध्या पाऱ्याचं एका वेगळ्या रसायनात रूपांतर करतात, आणि ते रसायन सजीवांच्या शरीरातून सहजासहजी बाहेर पडत नाही. जवळ्यात ते नावापुरतं असतं. जवळा खाणाऱ्या मांदेलीत जास्त, मांदेली खाणाऱ्या माशात आणखी जास्त, आणि या सगळ्यांना खाणाऱ्या मुशीत, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या लहान शार्कमध्ये, सगळ्यात जास्त. त्याला चव नाही, वास नाही. धुऊन जात नाही, उकळून जात नाही. मोठ्या माणसाला त्याचा त्रास व्हायला वर्षं लागतात. पोटातल्या बाळाचं तसं नसतं. त्याचा मेंदू तेव्हा तयार होत असतो.

हे सगळं मास्तरांना माहीत होतं. उद्घाटनाच्या दिवशी टोचणीला हळद-कुंकू वाहून नारळ फोडल्यावर त्यांनी हे मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात सांगितलंही होतं. शेजारी बर्फाच्या कारखान्याचं यंत्र घरघरत होतं. किती लोकांना ऐकू गेलं, कोण जाणे.

टोचणी आल्यापासून मांडवखारचा मासा शहरात मान मिळवू लागला. टिळा बघून लोक डोळे मिटून मासा विकत घेत. बिनटिळ्याच्या माशाला व्यापारी हात लावत नसे. असा मासा चुना टाकून पुरायचा, असा नियम होता. बंदराच्या मागे तशी पाटीही लावली होती, आणि टोचणी बसवणाऱ्या संस्थेने चुन्याची पोती पाठवली होती.

पण कोळ्याच्या हातून चांगला, ताजा, टणक मासा मातीत जात नाही. मांडवखारला पूर्वीपासून रीत होती की होडी लागली की विकायची मासळी बाजूला निघे आणि प्रत्येक खलाशाला घरी न्यायला थोडी मासळी मिळे. त्याला घरचा वाटा म्हणत. घरच्या वाट्यात आजवर काय असायचं? मांदेली, करदी, जवळा, फुटका बोंबील. सुरमई, घोळ, मोठी मुशी ही पकडणाऱ्याच्या ताटात यायची ती लग्नाकार्यात. टोचणी आली आणि हे बदललं. लाल दिवा लागलेले मोठमोठे मासे घरच्या वाट्यात जाऊ लागले. गाव खूश झालं. पोरं घोळीच्या तुकडीशिवाय जेवेनाशी झाली.

मास्तरांना हे दिसत होतं का? दिसत होतं. टोपल्या त्यांच्या समोरूनच जात. त्यांनी स्वतःला समजावलं होतं की आपलं काम विक्रीच्या मासळीपुरतं आहे. शिवाय चार माणसांत कोणाला अडवायचं म्हणजे आवाज चढवावा लागतो.

एकदा चंद्राबायचा मुलगा जयेंद्र, जो स्वतः होडी चालवणारा तांडेल होता, बिनटिळ्याची सुरमई हातात धरून त्यांच्यापुढे उभा राहिला होता.

"मास्तर, खरं सांगा. ह्यो खाल्ला तं काय व्हईल?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे, आणि अतिशयोक्तीही. ते म्हणाले, "एकदा खाल्ल्याने तसं काही होत नाही. पण वारंवार खाल्लं, विशेषतः बायकांनी, गरोदरपणात, तर हळूहळू साठत जाऊन..."

"काय व्हत नाय!" जयेंद्र मागे वळून ओरडला. "मास्तर बोलले, काय व्हत नाय!"

मास्तरांनी उरलेलं वाक्य पुरं केलं, पण ते त्यांनी एकट्यानेच ऐकलं.

*

डॉक्टर तहसीन मुकादम संस्थेकडून आल्या त्या आनंदाच्या कामासाठी. त्यांना मांडवखारच्या बायकांचे केस हवे होते.

"केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो," त्या मास्तरांच्या ओटीवर बसून सांगत होत्या. "वाढताना त्या त्या महिन्यात रक्तात जेवढा पारा असेल त्याचा अंश केसात अडकतो आणि तिथेच राहतो. म्हणजे मुळापासून टोकाकडे मोजत गेलं की मागचे महिने एकेक करून दिसतात. तुमच्या इथल्या बायकांचे केस लांब आहेत. टोचणी येण्याआधीपासूनचं सगळं कळेल. पारा कसा खाली आला ते दाखवलं की बाकीच्या बंदरांवरही यंत्र बसवता येईल."

मास्तरांना हे इतकं सुंदर वाटलं की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घरोघर जाऊन बायकांना गळ घातली.

"केस? मंग मना लगनाला कोन उबा करील?" चंद्राबाय म्हणाली. तिचा एक नातू शाळेत जात होता.

"फार नाही. काडीपेटीतल्या काडीएवढी बट. मानेजवळून."

"घ्या बाबा. तुमी मागितलं नि आमी नाय बोललो असं कवा झालंय?"

चंद्राबायची सून दर्शना आणि मास्तरांची मुलगी नेत्रा, दोघींनी शेजारी शेजारी बसून केस दिले. दोघी एकाच आठवड्यात बाळंत झालेल्या. नेत्राचा नवरा परदेशात नोकरीला, सुट्टीपुरता येणारा, म्हणून ती टोचणी येण्याआधीपासून माहेरीच होती. तिच्या मांडीवर मुलगी, दर्शनाच्या मांडीवर मुलगा. नेत्राची मुलगी तहसीनच्या कानातलं पकडायला झेपावत होती. दर्शनाचा मुलगा शांत होता.

"आमचा लय गुणी," दर्शना म्हणाली. "खुळखुळा वाजवला तरी वळून बगत नाय."

तहसीनने एकदा बाळाकडे पाहिलं आणि बट पाकिटात ठेवली.

*

तहसीन परत आली तेव्हा थेट शाळेत गेली. मास्तर दुपारी शाळेच्या वाचनालयात बसत. तिने संगणक टेबलावर उघडला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

बायकांच्या नावांऐवजी रंगीत रेषा होत्या. डावीकडे जुने महिने, उजवीकडे आताचे. डावीकडे सगळ्या रेषा एकमेकींच्या आसपास, मध्यम उंचीवर चालत होत्या. मध्ये एका जागी त्या फुटल्या आणि वर चढू लागल्या. चढतच गेल्या. फक्त एक रेषा त्याच जागेपासून खाली उतरली होती आणि तळाशी सपाट होऊन शेवटपर्यंत गेली होती.

मास्तरांनी चढ सुरू होतो त्या जागी बोट ठेवलं. खाली महिना लिहिला होता. तो वाचायची गरज नव्हती, तरी त्यांनी वाचला. त्याच महिन्यात टोचणीला नारळ फोडला होता.

"यंत्र बिघडलं असेल का?" ते म्हणाले.

"यंत्र बरोबर चाललंय, सर. फार बरोबर चाललंय."

मास्तरांच्या लक्षात आलं होतंच. पूर्वी खाडीचा पारा हजारो घरांत वाटला जात होता. मुंबईत, पुण्यात, कुठेकुठे. कोणाच्या ताटात कधीमधी एक वाईट तुकडी. यंत्राने तो पारा नाहीसा केला नव्हता. त्याने रोज सकाळी चांगला मासा आणि वाईट मासा वेगळा केला, चांगला शहरात धाडला आणि वाईट सगळाच्या सगळा या एका गावात ठेवला. लहान माशांतला पारा मोठ्या माशात जमा होतो, हे त्यांनी मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्या चित्राला आणखी एक पायरी जोडता येते आणि ती आपल्या हातातून जोडली जाते, हे मात्र त्यांना सुचलं नव्हतं. की सुचलं होतं आणि त्यांनी चष्मा पुसला होता?

"ही खालची रेषा..." त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना नको होतं.

"नेत्राताईंची."

वाचनालयात पंखा फिरत होता. मास्तर त्याच्याकडे बघतच बोलले.

"उद्या सोसायटीत तुम्ही हे दाखवणार. तेवढी एक रेषा काढता येईल का?"

"सर, बाकीच्या रेषा पाहून लोक म्हणतील खाडीच वाईट, आपण काय करणार. तीच एक रेषा सांगते की याच गावात, याच खाडीचा मासा रोज खाऊनही पारा उतरू शकतो. ती काढली तर उरलेल्यांचा काही अर्थच राहत नाही." ती थांबली. "नाव मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

"आणि दर्शनाचं बाळ?"

"एका बाळाकडे बघून मी काही म्हणणार नाही. मोठ्या इस्पितळात तपासायला हवं. आज हा मासा खाणं थांबवलं तर काही महिन्यांत आईच्या अंगातला पारा बराच उतरेल, दुधातलाही. पोटात असताना जे झालं असेल, ते यंत्राने मोजता येतं. परत घेता येत नाही."

*

नेत्रा मागच्या पडवीत मुलीच्या लंगोटांच्या घड्या करत होती.

"नेत्रा, चंद्राबाय तुला मुशी आणून द्यायची. बाळंतपणानंतर."

"द्यायची म्हणजे? अजून देते. दूध यावं म्हणून. सगळ्या बाळंतिणींना देतात, बाबा. तुम्हाला काय नवीन आहे?"

"तिला टिळा असायचा?"

नेत्राचे हात थांबले. "असायचाच. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक माशाला असतो. मुशी, सुरमई, सगळ्याला. पहिल्यापासून."

"आणि दर्शनाच्या?"

"तिची माझ्यापेक्षा मोठी असायची. जयेंद्र सगळ्यात मोठी काढून ठेवायचा तिच्यासाठी. मला हेवा वाटायचा एकेकदा." तिने वडिलांकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली गेला. "म्हणजे तुम्ही सांगितलं नव्हतं त्यांना? आपल्याकडे टिळ्याचाच द्या म्हणून? मला वाटलं तुम्हीच सांगितलंय. मला विचारायची लाज वाटत होती."

मास्तरांनी सांगितलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी ओट्यावर पालथ्या ठेवलेल्या माशाच्या डोक्यावरचा तो हिरवा ठिपका त्यांनी पाहिला होता, आणि बरं वाटून घेतलं होतं. लोक आपल्याला मान देतात, असं त्यांना वाटलं होतं. माझ्या मुलीला चांगला मासा मिळतो, असंही वाटलं होतं. दुसरा विचार त्या पहिल्याच्या मागे लपून उभा होता, आणि त्यांनी त्याला पुढे बोलावलं नव्हतं.

*

सभागृहात बायका पुढे बसल्या होत्या, पुरुष भिंतीला टेकून. बर्फाचं यंत्र तहसीनने विनंती करून बंद करायला लावलं होतं. तिने साध्या शब्दांत सांगितलं. केस काय सांगतात, रेषा कुठून चढतात, का चढतात. घरचा वाटा हे शब्द आले तेव्हा भिंतीकडची कुजबुज थांबली.

"मंजे विकतो तो चांगला नि खातो तो वाईट?" जयेंद्र म्हणाला.

"हो."

"नि ह्ये मास्तरांना ठावं व्हतं?"

सगळी डोकी वळली. मास्तर उठले. त्यांना बोलायचं होतं ते त्यांनी सकाळपासून मनात तयार केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता सापडेना.

"माहीत होतं," ते म्हणाले. "पाऱ्याचं माहीत होतं. टोपल्या घरी जातात हेही दिसत होतं. तू विचारलंस तेव्हा मी अर्धंच... मी सांगितलं, पण ऐकू जाईल असं सांगितलं नाही."

कोणीतरी मागून म्हणालं, "शाळंत पन असंच व्हतं." कोणी हसलं नाही.

मग चंद्राबायने पडद्याकडे बोट केलं. "बाय, ती एकच रेग खाली हाय. कोनाची ती?"

तहसीन खाली बघू लागली. मास्तरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. समोरचे चेहरे धूसर झाले, आणि तसेच बरे वाटले. पण मग त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"नेत्राची. माझ्या मुलीची. तुम्ही आमच्याकडे टिळ्याचा मासा देत होतात, म्हणून."

दर्शनाने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आमीच दिला," चंद्राबाय सावकाश म्हणाली. "मास्तरांच्या घरात बिनटिळ्याचा कसा द्यायचा, मीच बोललेली जयेंद्रला. शोबलं नसतं." ती आपल्या हातांकडे बघत होती. "मंजे मना बी ठावंच व्हतं की. थोडं थोडं."

"चंद्राबाय, चूक तुझी नाही..."

"तुमी आता बसा, मास्तर."

रागाने म्हणाली असती तर त्यांना सोसलं असतं. ती दमून म्हणाली. मास्तर बसले.

*

दुसऱ्या दिवशी होड्या लागल्या तेव्हा मास्तरांना वाटलं होतं, आपल्या टेबलापाशी कोणी येणार नाही. टोचणी कोणाच्या तरी हातात देऊन घरी जावं, असंही वाटलं. पण ते पळणं झालं असतं, आणि पळायलाही त्यांना लोकांमधूनच जावं लागलं असतं.

व्यापाऱ्याच्या पेट्या पुढे सरकल्या. चंद्राबायने पायाने त्या मागे ढकलल्या आणि घरच्या वाट्याची टोपली टेबलावर ठेवली.

"पयली ही टोचा."

"बाई, माझी गाडी उभी आहे," व्यापारी म्हणाला.

"उबीच ऱ्हाऊं दे. तिला काय पाय दुकतात?"

मास्तरांनी एकेक मासा टोचला. दोन हिरवे. मग लाल, लाल, लाल. शेवटी मुशी. चांगली लांब, अजून ओली, पोटाकडे चंदेरी. लाल.

"हिरवे माज्याकडं," चंद्राबाय म्हणाली. "आज विकाला कमी जाईल, जाऊं दे. नि ह्ये कुटं पुरायचं?"

मास्तर तिला बंदराच्या मागे घेऊन गेले. पाटी होती. पाटीच्या मागे खड्डा नव्हता. तिथे कधीच कोणी खणलं नव्हतं. निवडुंग वाढला होता. चुन्याची पोती दमट हवेत भिजून दगड झाली होती, बांधलेली तोंडंही सोडलेली नव्हती. हे पाहायला मास्तर एकदाही आले नव्हते. पाटी रस्त्यावरून दिसत होती, तेवढ्यावर त्यांचं भागलं होतं.

त्यांनी फावडं आणलं. खणायची सवय नव्हती. थोड्या वेळाने जयेंद्रने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. मास्तर दगड झालेलं पोतं दुसऱ्या दगडाने फोडत बसले. मुशी मातीत ठेवताना चंद्राबायने तिच्या अंगावरून एकदा हात फिरवला. आयुष्यात तिने पहिल्यांदा मासा टाकला होता.

"रोज ह्येच?" जयेंद्रने विचारलं.

"रोज. आणि कारखानेवाल्यांकडून, सरकारकडून पुरलेल्या माशाची भरपाई मागायची. डॉक्टरांनी आलेख दिलाय. मी अर्ज लिहीन, तालुक्याला जाईन."

"तुमी बोलाल? तितं?"

"बोलेन." मग त्यांना वाटलं, हे फार मोठं बोलून झालं. "प्रयत्न करीन."

जयेंद्रने माती लोटली. दर्शनाला आणि बाळाला घेऊन तो उद्या मुंबईच्या इस्पितळात जाणार होता. मास्तर सोबत येऊ का, असं विचारणार होते. विचारलं नाही. मग निघता निघता विचारलं. जयेंद्रने मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो होता की नाही, हे मास्तरांना कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी नेत्राने नेहमीसारखं वाटण करून ठेवलं होतं. या वेळी चंद्राबाय यायची. फाटकाची कडी वाजायची, मग तिची हाक, "नेत्रे, ताट दे गं!" मास्तर ओटीवर पुस्तक उघडून बसले होते. पान उलटलं नव्हतं.

चंद्राबायची पावलं ऐकू आली. चपला घासत चालण्याची तिची सवय लांबूनही ओळखू येई. पावलं फाटकापर्यंत आली. मास्तर उठून उभे राहिले. आत नेत्रा ताट हातात घेऊन दाराशी आली.

पावलं थांबली नाहीत. ती तशीच पुढे गेली, पलीकडे तिच्या स्वतःच्या घराच्या दाराशी. तिथे तिची हाक ऐकू आली.

"दर्शने, ताट दे गं. आज टिळ्याची हाय."

नेत्राने ताट पालथं ठेवलं.

"वरण लावते," ती म्हणाली.

"लाव," मास्तर म्हणाले.